मामांचं तळं

तीर्थरूप मामांना,

भिंगरीचा नमस्कार. (पत्राच्या सुरुवातीला ते 'शि. सा. न. वि. वि.' लिहितात ना, ते मी लिहिणार होते. पण त्यातल्या निम्म्या अक्षरांचा अर्थ मला येत नाही, आणि न समजलेल्या गोष्टीखाली सही करू नये असं तुम्हीच शिकवलंय. म्हणून साधा नमस्कार. पण तो साष्टांग आहे. म्हणजे खरोखरच, मी आत्ता पलंगावर पालथी पडून लिहितेय.)

तब्येत कशी आहे? खोकला गेला का? चष्मा सापडला का? आणि मुख्य म्हणजे, झोप कशी लागते? (हा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. पुढे कळेलच.)

हे पत्र घरी न येता वाचनालयात आलं म्हणून घाबरू नका. ग्रंथपाल काकांना मी फोन करून सांगितलंय, मामांच्याच हातात द्या. तुम्हाला फोनच केला असता. पण दादाने तुमचा फोन स्पीकरवर टाकून दिल्यापासून तो परत नॉर्मल कसा करायचा हे घरात कोणालाच जमलेलं नाही. मेसेज करावा तर चष्मा नाही म्हणून तो तुम्ही मामीकडूनच वाचून घेता. आणि मामा, ही गोष्ट मामीच्या कानावर जाता कामा नये, कारण मला आत्ता इतका शॉक बसलाय की माझ्याच कानांवर माझा विश्वास नाही.

आता नीट सुरुवातीपासून सांगते. (तुम्ही म्हणाल, भिंगरी आणि नीट? पण प्रयत्न करते.)

माझी ही पहिली ऑफिस टूर. आमची कंपनी बाटल्यांवर लेबलं चिकटवणारी मशीन बनवते हे तुम्हाला माहीत आहे. इथल्या खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात आमचं नवं मशीन लागलंय आणि ते लेबल केसभर तिरकं लावतंय. केसभर म्हणजे खरंच केसभर. मला तर ते दिसतही नव्हतं. पण माझ्याबरोबर आलेल्या सीनियरना दिसलं. त्यांना ऑफिसात सगळे 'स्पिरिट लेव्हल' म्हणतात, कारण गवंड्यांकडे ती बुडबुड्याची पट्टी असते ना, तसली एक छोटी पट्टी ते कायम खिशात घेऊन फिरतात आणि जगातली प्रत्येक वस्तू सरळ आहे का ते बघतात. जेवायच्या टेबलावर ठेवतात. खिडकीवर ठेवतात. एकदा वाढदिवसाच्या केकवर ठेवली होती. पहिल्या सकाळी कारखान्याच्या कँटीनमध्ये नाश्त्याला मी विचारलं, सर, झोप लागली का? तर म्हणाले, "कुठली झोप! खोलीतलं चित्र डावीकडे कललंय. आधी ते सरळ केलं, मग पडलो." मी हसले आणि विसरून गेले. मामा, तेव्हाच त्यांना विचारायला हवं होतं, कसलं चित्र? पण मी विचारलं नाही, आणि माझी अख्खी दुपार पाण्यात गेली. (पाण्यात गेली असती तरी बरं झालं असतं. पाणीच कुठे सापडलं नाही.)

तुम्हाला आठवतंय, मी निघायच्या आधी तुमच्याकडे आले होते? गाव ऐकल्याबरोबर तुमचा चेहरा कसा फुलला होता! रंगाच्या कंपनीची ती शेडकार्डांची बॅग घेऊन तुम्ही किती वर्षं इथे येत होता. तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात. एक, त्याच हॉटेलात उतर आणि दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली माग, शांत असते. दोन, टूरवर मोकळा वेळ मूठभर मिळतो, तो वाया घालवू नकोस, काम संपलं रे संपलं की तळ्यावर जा.

तळं! मामा, मला बाराखडीच्या आधी ते तळं माहीत होतं. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तुमच्याकडे यायचो, तुम्ही टूरवरून परत आलात की बुटांची नाडी सुटायच्या आत तुमच्या अंगावर चढायचो आणि तळं ऐकायचो. मोरपंखी पाणी. पांढऱ्या बोटी. सात कमानींचा दगडी पूल. पुलाच्या तोंडाशी दगडी सिंह, त्याचा एक कान तुटलेला. मान वळवून बघणारं तपकिरी कुत्रं. आणि काठावरून चालणारी लाल छत्रीवाली बाई. मामी दर वेळी विचारायची, "तीच बाई? प्रत्येक वेळी?" आणि तुम्ही म्हणायचात, "अगं, तिचं फिरायला यायचं ठिकाण असेल." पुढेपुढे तुम्ही सांगायला लागलात की ती बाई हल्ली लाल छत्री घेत नाही, गुलाबी घेते. समोरच्या घरांच्या केशरी छपरांचा रंगही उडालाय, आणि आपल्या कंपनीचा असता तर उडाला नसता. आणि दादाने एकदा विचारलं होतं, बाबा, पुलाच्या पलीकडे काय आहे? तेव्हा तुम्ही थोडा वेळ विचार करून म्हणालात, "पुलाच्या पलीकडे आपण कधी गेलो नाही."

मामा, तुमच्या सगळ्या गोष्टीत तेवढंच एक वाक्य खरं होतं हे मला आता कळतंय.

पुढच्या महिन्यात तुम्ही मामीला इथे आणताय. तुमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, तिकिटं काढून, 'रिटायर झालो की तुला तळं दाखवीन' हे जुनं प्रॉमिस पूर्ण करायला. मामीनं आयुष्यात पहिल्यांदा चालायचे बूट घेतलेत. लाल छत्री घेतलीय, का, तर म्हणे त्या बाईला दाखवते खरी लाल कशी असते. आणि निघताना मला दारात गाठून कानात म्हणाली, "भिंगरे, एक काम कर. बोटीत चढायची पायरी किती उंच आहे ते बघून ये. माझे गुडघे चढतील का? त्यांना विचारलं तर ते म्हणतात, चढतील गं, बघू गं. तू नीट बघून ये." आता तुम्हीच सांगा, एवढी जबाबदारी घेऊन मी आले होते. लेबलं गेली खड्ड्यात, मला ती पायरी मोजायची होती!

तर काल काय झालं, कारखान्यात औषध भरायची सगळी लाइन धुवायला काढली. लाइन धुऊन वाळेपर्यंत मशीन चालवता येत नाही, म्हणजे अख्खी दुपार मोकळी. मी हेल्मेट काढलं, कारखान्याच्या टॉयलेटमध्येच बूट बदलले आणि पळत सुटले. स्पिरिट लेव्हल मागून ओरडले, "अगं, बुटाच्या नाड्या एकसारख्या बांध!" पण थांबते कोण.

गेटबाहेर टॅक्सी होती. म्हटलं, तळ्यावर घ्या. टॅक्सीवाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "कुठल्या?" म्हटलं, कुठल्या म्हणजे काय, मोठ्या. पूल आहे, बोटी आहेत. 'अच्छा, अच्छा' म्हणून त्यानं मला जिथे नेलं ती मामा, पाणीपुरवठ्याची टाकी होती. सिमेंटची. गोल. वर जाळी. राखणदाराला मी अगदी प्रेमानं विचारलं, काका, बोटी कुठून सुटतात? तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "बाई, हे पाणी सगळं गाव पितं. यात बोट घातली तर गाव मला त्यात घालेल." मी त्याला समजावलं की माझे मामा इथे वर्षानुवर्षं येतात, बोटीही पांढऱ्या आहेत. तो म्हणाला, "बोटी पांढऱ्या असोत नाहीतर काळ्या, तुम्ही त्या जाळीपासून आधी लांब व्हा."

मग मी त्याच टॅक्सीनं बागेत गेले. तिथे बाकावर निवृत्त मंडळी बसली होती. त्यात एक आजोबा सगळ्यांत जुने आहेत असं इतरांनी सांगितलं. (ते स्वतः कबूल करत नव्हते.) त्यांना मी पूल, सिंह, कुत्रं, बाई, सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी म्हटलं, आता सांगतील. तर म्हणाले, "इथे तळं नाही. कधीच नव्हतं. पण तू सांगितलंस तसं असतं तर बरं झालं असतं गं, संध्याकाळी जायला कुठेतरी." आणि चक्क उदास झाले. शेजारचे म्हणाले, असतं तर कुठे असतं? जुन्या बाजाराच्या मागे. छे, तिथे कसं, तिथे उतार आहे, गोदामांच्या बाजूला. त्यावरून त्यांचं जोरदार भांडण लागलं. टॅक्सीवालाही खाली उतरून त्यात पडला. मी हळूच निसटले.

पूल तरी सापडेल म्हटलं. इथे पूल एकच आहे, लोखंडी, आणि त्याच्या खालून मालगाड्या जातात. सिंह विचारला तर एका पोलिसानं मला सर्कस गावातून गेली असं सांगितलं. फुलवालीनं मला घरचा पत्ता विचारला आणि बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, पदरानं वाराही घातला. तिला वाटलं, मला ऊन लागलंय. मामा, मी आत्तापर्यंत शाळेत, कॉलेजात, नोकरीत कुठेही हात टेकले नव्हते. काल टेकले. त्या स्टुलावर.

पाय दुखायला लागले, अंधारून यायच्या आत कारखान्यात परत जायचं होतं, मधे जेमतेम थोडा वेळ उरला होता. म्हटलं खोलीवर जाऊन तोंड धुवावं. खोलीत आल्यापासून मी पलंगावर पाठच टेकली नव्हती. पहिली रात्र मशीनपाशी काढली होती, सकाळी फक्त बॅग टाकून अंघोळ करून पळाले होते. काल पहिल्यांदा मी त्या पलंगावर आडवी झाले. डाव्या उशीवर डोकं ठेवलं.

आणि मामा, समोर तळं.

मी खोटं बोलत नाही. तुमच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत कपाट भिंतीपासून जरा पुढे आलंय ना, त्याच्या आणि खिडकीच्या मधल्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र आहे. दारातून दिसत नाही, कपाट आड येतं. खुर्चीवरून दिसत नाही. खिडकीपाशी जायला मला वेळच झाला नव्हता. ते नीट दिसतं फक्त झोपलेल्या माणसाला. मोरपंखी पाणी. पांढऱ्या बोटी. मी कमानी मोजल्या, सात. मान वळवलेलं कुत्रं. सिंहाच्या कानावर पापुद्रा निघालाय, म्हणून एक कान नाही. खिडकीतून रोज ऊन पडून पडून छपरं फिकटलीत आणि बाईची छत्री गुलाबी झालीय. आणि पूल उजवीकडे जाता जाता लाकडी चौकटीत संपतो. पलीकडे भिंत आहे. पलीकडे आपण कधी गेलो नाही!

मी किंचाळले. मनात नाही, मोठ्यानं. शेजारच्या खोलीतून स्पिरिट लेव्हल धावत आले, हातात पट्टी. (आग लागली असती तरी पट्टीच घेऊन आले असते.) मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी माझ्या उशीच्या उंचीपर्यंत मान वाकवून चित्राकडे बघितलं, मग जाऊन पट्टी ठेवली आणि म्हणाले, "सरळ आहे. ओरडायला काय झालं?" मी म्हटलं, सर, हे तळं! म्हणाले, "हो, माझ्या खोलीतही हेच आहे. खालच्या जेवणघरातही आहे. घाऊक आणलेली दिसतात. फक्त माझ्या सिंहाला दोन्ही कान आहेत आणि बाईची छत्री लाल आहे." मग त्यांनी खाली कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून दाखवली. ते तळं कुठल्यातरी तिसऱ्याच देशातलं आहे, मामा. या गावापासून तिथे विमानानं जावं लागेल.

तेवढ्यात आवाज ऐकून खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या मावशी आल्या. केस पांढरे, हातात चादरी. त्यांना म्हटलं, इथे एक रंगाच्या कंपनीचे साहेब यायचे. तर त्यांचा चेहरा असा काही उजळला! "झोपणारे साहेब? तुम्ही त्यांच्या भाची? कसे आहेत? झोपतात का अजून?" म्हणे काम संपलं की तुम्ही सरळ खोलीवर यायचात, बूट दाराबाहेर काढायचात, 'गाडीच्या आधी उठवा' म्हणायचात आणि दार लावून घ्यायचात. एकदा गावात मोर्चा होता, ढोल वाजत होते, तुम्ही उठला नाहीत. एकदा शेजारच्या खोलीची भिंत फोडत होते, तरी नाही. मावशी म्हणाल्या, "या हॉटेलात लोक जागतात, भांडतात, पितात. पण इतकं मन लावून झोपताना मी दुसऱ्या कोणाला बघितलं नाही." त्यांच्या बोलण्यात एवढा अभिमान होता की मला रागावताच येईना.

मामा, आधी मी फार चिडले होते हे खरं सांगते. इतकी वर्षं! अख्ख्या खानदानाला! मी शाळेत त्या तळ्यावर निबंध लिहिला होता, 'माय फेवरेट प्लेस', वर्गात वाचून दाखवला होता. पण मग मी परत त्याच उशीवर पडले आणि मला तुमचं तेव्हाचं घर आठवलं. दोन खोल्या. आजी-आजोबा, तुम्ही दोघं, दादा, ताई, सुट्टीत आम्ही पाच जण. तुम्ही जरा डोळे मिटले की कोणीतरी पोटावर चढायचं. बिल्डिंगमधल्या कोणाचा पंखा बिघडला, कोणाचं लग्न ठरेना, तरी सगळे तुम्हालाच उठवायचे. तुम्हाला मी त्या घरात झोपलेलं कधी बघितलंच नाही. आणि तुम्ही टूरवरून आल्यावर 'काय बघितलंत, काय बघितलंत' म्हणून आम्ही नाचत असताना 'झोपलो होतो' असं कुठला माणूस सांगेल? तुम्ही जे बघितलं तेच सांगितलंत. झोप लागायच्या आधी आणि जाग आल्यावर जे दिसतं ते.

हे सगळं ठीक आहे. पण मी अशी पडलेली असतानाच मामीचा फोन आला. "बघितलंस का गं तळं?" आणि मामा, चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, तोंडातून निघून गेलं, "हो मामी, बघतेच आहे." ती इतकी खूश झाली. "आणि पायरी?" मी चित्रात निरखून बघितलं आणि म्हणाले, बुटकी आहे. चढशील. म्हणजे आता या प्रकरणात मीही तुमच्याबरोबर बुडाले. पुढच्या महिन्यात ती माऊली नवे बूट घालून, लाल छत्री उघडून त्या पाण्याच्या टाकीसमोर उभी राहील, आणि तिचा चेहरा मला आत्तापासूनच दिसतोय.

(वर आणखी एक. आज सकाळी कारखान्याच्या गेटवर तो टॅक्सीवाला चारपाच जणांना घेऊन उभा होता. गावात बातमी पसरलीय की तळ्याची जागा ठरवायला एक बाई आलीय. बागेतल्या मंडळींनी माझ्यासाठी अर्ज लिहून पाठवलाय, गोदामांच्या बाजूला नको, जुन्या बाजाराच्या मागेच हवं. मशीनचं लेबल सरळ झालं, पण गाव मी तिरकं करून ठेवलं.)

बाकी इकडे सर्व ठीक, तिकडचंही तसंच राहो. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांचे गालगुच्चे. लोभ आहेच, पण तो जरा वाढवून ठेवा, पुढच्या ओळींसाठी लागणार आहे.

तुमची लाडकी (अजून तरी),
भिंगरी

ता. क. : खरं काम आता सांगते. मामीला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, माझ्याच्यानं होणार नाही. आणि कृपा करून 'तळं आटलं' असं सांगू नका, तो विचार माझ्याही मनात आला होता. ती म्हणेल, निदान पूल दाखवा. मग तुम्ही काय दाखवाल? मालगाडी?

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलंय. मामीचा पुन्हा फोन आला. बोटीला कठडा आहे का, विचारत होती. मामा, पायरीबद्दल एकदा खोटं बोलले, कठड्याबद्दल जमेना. मी रडायलाच लागले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता संपलं. पण ती म्हणाली, "अगं वेडे, चाळीस वर्षं त्यांचे मोजे मी धुतेय. तळ्याकाठी फिरून आलेल्या माणसाचे मोजे असे असतात होय? आणि दर टूरवरून येताना डाव्या गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी!" मी म्हटलं, मग तू कधी बोलली कशी नाहीस? तर म्हणाली, "घरात झोप मिळत नव्हती, बाहेर मिळत होती, मी कशाला उठवू? पण ती छत्रीवाली बाई खरी आहे की काय याची तेवढी धाकधूक होती. ती चित्रातली निघाली, बरं झालं." मग मी विचारलं, मग आता तिकिटं रद्द करायची का? माझ्यावर ती एवढी ओरडली की स्पिरिट लेव्हल परत धावत आले. म्हणाली, "मुळीच नाही! लग्न झाल्यापासून मी दुपारची झोपलेली नाही. तू मला एवढंच सांग, गादी कशी आहे? आणि चित्र कुठल्या उशीवरून दिसतं?" म्हटलं, डाव्या. "मग ती माझी. त्यांना लिही, तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचं, आणि घोरलात तर बूट आहेतच नवे."

तेव्हा हे तिनं सांगितल्याप्रमाणे लिहिलं. कोपऱ्यातली खोली मावशींना सांगून ठेवलीय.

ता. क. ३ : आज लाइन परत धुवायला काढली, म्हणजे पुन्हा दुपार मोकळी. मी खूप विचार केला, किल्ला बघावा, म्युझियम बघावं, प्लॅनही केला होता. मावशींना म्हटलं, गाडीच्या आधी उठवा. मामा, काय गादी आहे हो! आत्ता ऑफिसातून फोन आला होता, मोकळ्या वेळात काय काय बघितलंस म्हणून सगळे विचारत होते. मी तळं सांगितलं. फार आवडलं त्यांना. शेवटी कोणीतरी विचारलं, पुलाच्या पलीकडे काय आहे?

मी म्हटलं, पुलाच्या पलीकडे आपण कधी गेलो नाही.